मांडीवरची गिटार आणि बहिरा साथीदार

गिटार म्हटले की गळ्यात पट्टा अडकवून उभा असलेला वादक तुमच्या डोळ्यांपुढे येतो. पण हीच गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून घसरवत वाजवणारे वादकही आहेत. तिला स्टील गिटार किंवा हवाइयन गिटार म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने ही रीत सुरू केली असे सांगतात. आपल्याकडे ती परकी वाटली नाही, कारण विचित्र वीणेवर काचेचा गोळा आणि दक्षिणेत गोट्टुवाद्यावर लाकडी दांडा घसरवून मींड काढण्याची रीत होतीच. मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारासिंग, कलकत्त्यात सुनील गांगुली यांनी स्टील गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तर तिच्यावर रागसंगीत वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 1967 सालची ध्वनिमुद्रिका तुमच्या शिक्षकांनी नक्की ऐकली असेल.

आता शिरूर अनंतपाळसारख्या गावात कोणी ही गिटार शिकू लागला, तर साथीला कोण? गावातला तबलजी भजनी मंडळात आणि लग्नसराईत गुंतलेला. मग मोबाइलवर साथीचा तयार ट्रॅक लावायचा, आपले वादन मुद्रित करायचे आणि संगणकावर दोन्हींचे मिश्रण करायचे. ट्रॅक हा साथीदार कधी दमत नाही, चहाही मागत नाही. पण तो ठार बहिरा असतो. तुम्ही चुकलात तर तो सावरून घेत नाही आणि तुम्ही बरोबर असलात तरी तुमच्याकडे पाहत नाही. जुळवून घेण्याचे सगळे काम तुमचे, आणि ते सगळे भौतिकशास्त्राचे आहे.

तारेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ताण आणि जाडी तीच असेल तर कंप्रता लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. समजा, तारेची मोकळी लांबी 57 सेंटिमीटर आहे. कांडी बरोबर मध्यावर, म्हणजे 28.5 सेंटिमीटरवर ठेवली की वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. समजा तो 440 हर्ट्‌झचा आहे. आता कांडी फक्त 1 मिलिमीटर सरकली तर? 285 मध्ये 1 एवढा फरक, म्हणजे सुमारे दीड हर्ट्‌झ. साध्या गिटारीला पडदे असतात. बोट थोडे मागेपुढे पडले तरी पडदाच लांबी ठरवतो. इथे पडद्यांच्या खुणा नुसत्या रंगवलेल्या असतात. त्यामुळे एक मिलिमीटरची चूक सरळ कानावर येते. एकट्याने वाजवताना ती खपून जाईल, पण ट्रॅकमध्ये तोच स्वर 440 वर ठाम उभा असेल तर दोन्ही मिळून सेकंदाला दीड वेळा आवाज फुगेल आणि ओसरेल. यालाच आपण विस्पंद म्हणतो. त्याहून वरच्या सप्तकात, मोकळ्या तारेच्या चौथ्या हिश्शावर, हीच एक मिलिमीटरची चूक सेकंदाला सहा विस्पंद देते. उंच स्वरांवर नवशिक्याची गिटार का रडते ते यावरून कळेल.

पण विस्पंद ऐकू आले म्हणजे वादक चुकला, असे मात्र नाही. अकरावीतला एक मुलगा मला म्हणाला, "सर, तानपुऱ्याबरोबर माझा गंधार गोड लागतो. ट्रॅकबरोबर मिसळला की आंबट होतो. क्लासमध्ये म्हणतात, तुला कान नाही." वाद्य विकून टाकावे असे त्याच्या मनात चालले होते. एखाद्याला कान नाही हा मोठा आरोप आहे, आणि तो मोजपट्टीने तपासता येतो.

षड्ज पुस्तकात असतो तसा 240 हर्ट्‌झचा धरा. तानपुऱ्याच्या तारेत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतेचे संनादी स्वर असतात. पाचव्या संनादीला दोन सप्तके खाली आणले की सव्वापट कंप्रता मिळते, म्हणजे 300 हर्ट्‌झ. हा तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार. ट्रॅकमधले कीबोर्ड मात्र वेगळ्या हिशेबाने बांधलेले असते. त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात. प्रत्येक स्वर आधीच्याच्या सुमारे 1.0595 पट. असे चार भाग चढले की गंधार 302.4 हर्ट्‌झवर येतो. फरक 2.4 हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच विस्पंद! आमच्या मुलाचा कान त्याला 300 वर नेत होता आणि ट्रॅक 302.4 वर अडून बसला होता. कान होता, चांगलाच होता.

हा तंटा जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या मदतीने आपल्या गाण्यातले स्वर तारेवर जुळवून तारेच्या लांब्या मोजल्या आणि 1910 साली श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. पेटीचे स्वर आपल्या गळ्याशी जुळत नाहीत हा वाद इतका तापला की 1940 पासून तीस वर्षे आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. माझ्या मते बंदी हा उपाय अतिरेकी होता. देवलांची मोजपट्टी मात्र आजही उपयोगी आहे. आपल्या 57 सेंटिमीटरच्या तारेवर तानपुऱ्याचा गंधार 45.6 सेंटिमीटरवर येतो आणि कीबोर्डचा 45.24 वर. मधले अंतर 3.6 मिलिमीटर, डोळ्यांना दिसणारे. म्हणजे रस्ते दोन. एक तर नुसत्या तानपुरा-तबल्याचा ट्रॅक घ्या, नाहीतर ट्रॅकमध्ये कीबोर्ड गंधार धरून बसेल तिथे कांडी तेवढी घोडीकडे सरकवा. पडद्याच्या गिटारीला ही मुभा नाही.

आता मुद्रणाकडे येऊ. ट्रॅक स्पीकरवर लावून समोर मायक्रोफोनने गिटार टिपली तर ट्रॅकही टिपला जातो. स्पीकर एक मीटरवर असेल तर तो आवाज सुमारे 3 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मग मिश्रणात मूळ ट्रॅक आणि त्याची उशिराची प्रत एकत्र येतात. 170 हर्ट्‌झला हा उशीर बरोबर अर्ध्या आवर्तनाएवढा असतो, म्हणून तिथे दोन्ही एकमेकांना खातात. तसेच 510 ला, 850 ला. आलेख काढला तर फणीच्या दातांसारखा दिसतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. म्हणून ट्रॅक हेडफोनमध्येच ऐकावा. तोही वायरीचा. बिनतारी हेडफोनात आवाज सेकंदाचा एक-दोन दशांश भाग उशिरा येतो. 0.15 सेकंद म्हणजे काही नाही असे वाटेल, पण तेवढ्या वेळात ध्वनी 51 मीटर जातो. तुमचा तबलजी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसवल्यासारखेच झाले!

खोलीचेही पाहा. पत्र्याच्या खोलीत, उघड्या भिंतींमध्ये आवाज परावर्तित होत घुमत राहतो. दोन भिंतींवर जाड गोधड्या टांगा. घुमारा नंतर संगणकावर हवा तेवढा मिसळता येतो, पण एकदा मुद्रित झालेला काढता येत नाही. पावसाळ्यात तर पत्र्याखाली मुद्रणाचा नादच सोडा.

विजेच्या स्टील गिटारीची अडचण वेगळी. तिच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार हलली की वेटोळ्यात विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने प्रवाह येतो. पण घरातल्या वायरींचे 50 हर्ट्‌झचे क्षेत्रही त्याच वेटोळ्यातून जाते, म्हणून 50, 100, 150 हर्ट्‌झची घरघर येते. गिटार घेऊन जागेवर हळूहळू वळा. एका दिशेला घरघर सर्वांत कमी होईल, तिथेच बसा. वीज गेल्यावर बॅटरीवर मुद्रण केले तर सर्वांत स्वच्छ येते, आणि भारनियमनाचा एवढा तरी फायदा! मात्र ॲम्प्लिफायरचे अर्थिंग शिक्षकांकडून तपासून घेतल्याशिवाय तारांना हात लावू नका. दोन्ही हात धातूवर असतात.

प्रत्यक्ष मिश्रण म्हणजे बेरीज. सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची उंची मोजून आकड्यात लिहितात. 16 बिटांत हे आकडे जास्तीत जास्त 32,767 पर्यंत जातात. एखाद्या क्षणी ट्रॅकचा आकडा 30,000 आणि गिटारीचा 20,000 असेल तर बेरीज 50,000. ती मावत नाही, लाटेचे शेंडे कापले जातात आणि मुळात नसलेल्या कंप्रता तयार होऊन आवाज फाटतो. म्हणून आधी दोन्ही निम्मे करा, मग मिळवा.

शेवटी जुळणी. गिटार एका यंत्रावर मुद्रित होते, ट्रॅक दुसऱ्यावर वाजतो, आणि दोन्हींतली घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. दशलक्षात 50 चा फरक असेल तर पाच मिनिटांत 15 मिलिसेकंदांची तफावत पडते. तपासणे सोपे आहे. ट्रॅकच्या आधी आणि शेवटी एकेक ठोका जोडून ठेवा. वादनापूर्वी आणि वादनानंतर हेडफोन क्षणभर मायक्रोफोनला टेकवा, म्हणजे दोन्ही ठोके गिटारीच्या मुद्रणातही येतील. संगणकाच्या पडद्यावर पहिले ठोके एकाखाली एक आणा आणि शेवटचे किती सरकले ते वाचा. हे काम दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर करून पाहा आणि आकडे वहीत लिहून ठेवा.