एसएसएलचं बिल आलंय? पैसे भरण्याआधी पाच मिनिटं हे वाचा

मागच्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो पाठवला. त्या घरगुती लाडू-चिवडा विकतात, पाच पानांची साधी वेबसाइट आहे. बिलावर एकच ओळ होती: "एसएसएल सर्टिफिकेट, एक वर्ष, ४,००० अधिक जीएसटी." म्हणजे ४,७२० रुपये. खाली ताईंचा प्रश्न: "दादा, उद्यापर्यंत भरले नाहीत तर साइट बंद पडेल म्हणतात. भरू का?"

मी त्यांना थांबा म्हटलं. का म्हटलं, ते सविस्तर लिहितो, कारण हेच बिल मी स्वतः तीन वर्षं भरलंय. सांगलीत माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. मिठाईचे खोके, केकचे बॉक्स वगैरे. वेबसाइट करून देणाऱ्याला दरवर्षी ३,५४० रुपये देत होतो. तीन वर्षांचे झाले १०,६२०. आणि एवढं करून ऐन नवरात्रात, दिवाळीच्या खोक्यांची चौकशी सुरू झालेली असताना, मिरजेच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन: "अहो, तुमची वेबसाइट हॅक झालीय का? लाल पाटी दिसतेय." सर्टिफिकेटची मुदत संपली होती. चार दिवस साइट तशीच. त्या चार दिवसांत किती जण पाटी बघून माघारी गेले ते मला कधीच कळणार नाही, कारण गेलेला माणूस फोन करून सांगत नाही.

नंतर खोलात गेलो तेव्हा कळलं की मी ज्याचे पैसे भरत होतो ते सर्टिफिकेट मुळात फुकटचं होतं.

आधी थोडक्यात, हे असतं काय? गिऱ्हाइकाच्या मोबाइलपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत जी माहिती जाते ती वाटेत कोणी वाचू नये म्हणून कुलूपबंद होते, आणि पलीकडे खरोखर तुमचंच डोमेन आहे याची खात्री दिली जाते. ती खात्री देणारा कागद म्हणजे सर्टिफिकेट. (खरं तर एसएसएल हे तंत्र जुनं झालं, आता टीएलएस चालतं. पण बिलावर एसएसएलच लिहितात, आपणही तेच म्हणू.) जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक साइटपुढे "नॉट सिक्युअर" लिहितो. त्यामुळे हे लागतंच, अगदी नुसतं पत्ता आणि फोन नंबर देणारी साइट असली तरी. "मी पेमेंट घेत नाही, मला कशाला" हे आता चालत नाही.

पण लागतंच म्हणजे विकतच घ्यावं लागतं असं नाही.

लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक ना-नफा संस्था २०१५ च्या डिसेंबरपासून सगळ्यांना फुकट सर्टिफिकेट देते. सगळे ब्राउझर ते मान्य करतात. त्याची मुदत ९० दिवसांची असते, आणि ते आपोआप नवं व्हावं अशीच त्याची रचना आहे. माणसाने बसून करायचं हे कामच नाही. तुमचं होस्टिंग सीपॅनेलवर असेल तर त्यात ऑटोएसएसएल नावाची सोय असते, तीही फुकट सर्टिफिकेट आणून बसवते. शॉपिफाय, विक्स, वर्डप्रेस डॉट कॉम, ब्लॉगर यांपैकी कशावर साइट असेल तर सर्टिफिकेट त्यातच धरलेलं असतं. तिथे कोणी वेगळं बिल लावत असेल तर सरळ विचारा, कशाचं म्हणून.

माझ्या बाबतीत झालं असं की तो मुलगा दर तीन महिन्यांनी फुकटचं सर्टिफिकेट काढून हाताने बसवत होता. त्या नवरात्रात तो गावी गेला आणि विसरला. आता खरं सांगू का, त्याने मेहनतीचे पैसे घेतले याचा मला राग नाही. आपणही खोका बनवायची मजुरी लावतोच. पण बिलावर "देखभाल" लिहायला हवं होतं. "सर्टिफिकेटची किंमत" लिहिलं तिथे माझं डोकं फिरलं.

तुमचं कुठलं आहे, हे बघायचं कसं? कॉम्प्युटरवर क्रोममध्ये स्वतःची साइट उघडा. पत्त्याच्या डावीकडे जे छोटं चिन्ह दिसतं त्यावर क्लिक करा. (पूर्वी तिथे कुलूप असायचं. २०२३ मध्ये गुगलने ते काढलं, कारण लोक कुलूप बघून दुकानदारच प्रामाणिक आहे असं समजायला लागले. फसवणुकीच्या साइटलाही कुलूप मिळतंच.) मग "कनेक्शन इज सिक्युअर", त्यात "सर्टिफिकेट इज व्हॅलिड". एक खिडकी उघडेल. "इश्यूड बाय" खाली लेट्स एन्क्रिप्टचं नाव असेल तर ते फुकटचं आहे. खाली सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख असते. दोन्हींत ९० दिवसांचं अंतर असेल तरी बहुतेक वेळा तीच गोष्ट. संपायची तारीख वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग विकतचं कोणी घ्यावं? तीन प्रकार असतात. पहिला डीव्ही, ज्यात फक्त डोमेन तुमच्या ताब्यात आहे का एवढंच तपासतात. दुसरा ओव्ही, ज्यात तुमची फर्म खरंच अस्तित्वात आहे का ते कागदपत्रांवरून तपासतात. तिसरा ईव्ही, त्यात ती तपासणी आणखी कडक. फुकट मिळतं ते डीव्ही. आणि गंमत अशी की माहिती कुलूपबंद करण्याच्या बाबतीत तिन्हींत काही फरक नाही. पूर्वी ईव्ही घेतलं की पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव हिरव्या अक्षरांत यायचं. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते तिथून काढून टाकलं. म्हणजे हजारो रुपये भरलेत हे गिऱ्हाइकाला दिसतही नाही. एखाद्या मोठ्या कंपनीने पुरवठादार म्हणून तुमच्याकडून ओव्हीच मागितलं तर घ्या. नाहीतर आपल्यासारख्याला त्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत.

विकताना "एवढ्या लाखांची वॉरंटी" असंही सांगतात. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने चुकीच्या माणसाला सर्टिफिकेट दिलं आणि त्यातून नुकसान झालं तर ती वॉरंटी. तुमची साइट हॅक झाली, पासवर्ड गेला, व्हायरस आला, तर तिचा काडीचा उपयोग नाही. एसएसएल म्हणजे दुकानाचा विमा नव्हे.

काही स्वस्त होस्टिंगवाले फुकटची सोय मुद्दाम बंद ठेवतात आणि स्वतःचं विकतात. तिथे अडकला असाल तर दोन वाटा. एक, सर्वात साधं डीव्ही रीसेलरकडून घ्या, ते वर्षाला हजार रुपयांच्या आतही मिळतं. पण पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, रिन्यूअलचा बघा. दुसरी वाट, आणि मी तीच सांगेन, होस्टिंगची मुदत संपेल तेव्हा होस्टिंगच बदला. नवीन घेताना विक्रेत्याला लेखी विचारा: "फुकट एसएसएल आपोआप रिन्यू होतं का, आणि त्याचे कधीही वेगळे पैसे लागतात का?"

क्लाउडफ्लेअर हाही पर्याय आहे, त्यांच्या फुकट प्लॅनमध्ये सर्टिफिकेट मिळतं. पण तिथे "फ्लेक्सिबल" नावाची सेटिंग असते, ती निवडू नका. त्यात गिऱ्हाईक ते क्लाउडफ्लेअर एवढाच रस्ता बंद होतो, पुढे तुमच्या सर्व्हरपर्यंत माहिती उघडीच जाते. शिवाय साइट स्वतःभोवती गोल फिरत राहते आणि उघडतच नाही, ही तक्रार हमखास येते. "फुल स्ट्रिक्ट" ठेवा, आणि त्यासाठी सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिन्यूअल का अडकतं. सर्टिफिकेट देणारी संस्था तुमच्या सर्व्हरला एक छोटी फाइल ठेवायला सांगते आणि तुमच्या पत्त्यावर येऊन ती आहे का बघते. पत्ता बदलला की ती फाइल सापडत नाही. ईमेल दुसरीकडे हलवताना कोणी डीएनएस नोंदींत हात घातला, "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू"ची नोंद पुसली गेली, साइट नव्या सर्व्हरवर नेली, सुरक्षेच्या प्लगइनने ते फोल्डर बंद केलं, अशी कारणं असतात. साइट चालू दिसते, म्हणून कोणाला कळत नाही, आणि मुदतीच्या दिवशी अचानक पाटी लागते. पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपण्याआधी ईमेल पाठवायचं. जून २०२५ पासून ते बंद केलंय. म्हणून मघाची वहीतली तारीख. त्याच्या पंधरा दिवस आधी मोबाइलवर रिमाइंडर लावा आणि सर्टिफिकेट पुन्हा उघडून बघा. तारीख पुढे सरकली नसेल तर सीपॅनेलमध्ये "एसएसएल टीएलएस स्टेटस" या पानावर जा, "रन ऑटोएसएसएल" दाबा. चूक असेल तर कोणत्या नावापुढे आहे ते तिथेच लिहून येतं. त्याचा स्क्रीनशॉट होस्टिंगच्या सपोर्टला पाठवला की निम्मं काम झालं.

विकतचं घेणाऱ्यांनाही हे लागू होणार आहे. १५ मार्च २०२६ पासून कोणत्याही नव्या सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. तेव्हा "एक वर्षाचं एसएसएल" घेतलं तरी मधे पुन्हा बसवावं लागणारच. ते आपोआप होणार की कोणी हाताने करणार, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा.

सर्टिफिकेट बसवूनही "नॉट सिक्युअर" दिसत असेल तर बहुधा पानावरचा एखादा फोटो अजून जुन्या एचटीटीपी पत्त्यावरून येतोय, किंवा जुना पत्ता नव्याकडे वळवलेला नाही. वर्डप्रेसवाल्यांनी टूल्समध्ये "साइट हेल्थ" बघा, बऱ्याच वेळा तिथे एका बटणात काम होतं. व्हिडिओत आठव्या मिनिटाला दाखवलंय.

ताईंचं काय झालं? फोनवरच दोघांनी मिळून त्यांची साइट तपासली. लेट्स एन्क्रिप्ट, ९० दिवस, आणि अजून ४१ दिवस शिल्लक. त्यांनी वेब डिझायनरला शांतपणे विचारलं, "हे आपोआप होतं की तुम्ही करता?" तो म्हणाला आपोआप होतं. मग ४,००० चं बिल मागे घेऊन त्याने वर्षाच्या देखभालीचं १,२०० रुपयांचं बिल दिलं, त्यात बॅकअप आणि प्लगइन अपडेट धरून. ते ताईंनी भरलं.