व्रणाची टक्केवारी

जखम भरली की प्रश्न मिटला, ही आपली साधी समजूत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अपंगत्व-भरपाईकडेही पुष्कळ जण याच नजरेने पाहतात. कातडीवर उरलेल्या खुणेचे कसले पैसे, असे काही म्हणतात. युद्धात जखमी झाल्याबद्दल 'पर्पल हार्ट' मिळाले की भरपाई आपोआप मिळते, असे दुसरे काही मानतात. दोन्ही समजुती खोट्या आहेत. व्रण शौर्याने मिळाला की सरावात, हे तिथले माजी सैनिक व्यवहार खाते, म्हणजे 'व्हीए', टक्केवारी ठरवताना पाहत नाही. व्रण सेवेमुळे झाला का आणि आज तो त्या माणसाचे काय नुकसान करतो, हे दोनच प्रश्न तिथे विचारले जातात. पदक मिळालेले असले तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, पण दुसऱ्याला त्याचा उपयोग नाही. माझ्या मते अपिलात बहुतेक सगळे ठरते ते या दुसऱ्या प्रश्नाच्या नोंदीवर.

ही नोंद किती बारीक असते ते पाहण्यासारखे आहे. चेहरा, डोके आणि मान यांवरच्या विद्रूपतेसाठी नियमांत आठ लक्षणे दिली आहेत. व्रण १३ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आहे का, रुंदीला किमान ०.६ सेंटिमीटर भरतो का, हाताला उंच किंवा खोल लागतो का, खालच्या मांसाला चिकटला आहे का. तसेच ३९ चौरस सेंटिमीटरहून मोठ्या भागात कातडीचा रंग किंवा पोत बिघडला आहे का, खालचा मऊ भाग नाहीसा झाला आहे का, कातडी ताठरली आहे का. एक लक्षण असेल तर १० टक्के, दोन-तीन असतील तर ३०, चार-पाच असतील तर ५० आणि सहा किंवा अधिक असतील तर ८०. अंगावरच्या इतर व्रणांचा हिशेब वेगळा आहे. तिथे आकार लहान असला तरी चालतो, पण व्रण दुखत असला पाहिजे किंवा त्यावरची कातडी वारंवार निघत असली पाहिजे. असे एक-दोन व्रण असतील तर १० टक्के, तीन-चार असतील तर २०, पाच किंवा अधिक असतील तर ३०. आणि एकच व्रण दुखतही असेल व सोलतही असेल, तर वर आणखी १०. म्हणजे मनगटावरचा बोटभर दुखरा व्रण १० टक्के मिळवतो आणि पाठीवरचा वीतभर, पण न दुखणारा व्रण शून्यावर राहू शकतो. हे अन्यायाचे वाटते खरे. पण भरपाई कमावण्याची क्षमता घटल्याबद्दल असते, आणि न दुखणारी, हालचाल न अडवणारी खूण ती क्षमता सहसा घटवत नाही.

शून्य टक्के म्हणजे दावा फेटाळला, असे मानणे ही मात्र घातक चूक आहे. शून्य टक्के देतानाही व्रण सेवेमुळे झाल्याचे खात्याने मान्य केलेले असते. महिन्याला पैसे मिळत नाहीत, पण त्या व्रणावर उपचार मिळतात, आणि पुढे तो दुखू लागला तर मूळ संबंध पुन्हा सिद्ध करावा लागत नाही, फक्त वाढ दाखवावी लागते. आपल्याकडे सैन्याच्या अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी सर्वसाधारणपणे २० टक्क्यांची अट असते. अमेरिकेत १० टक्क्यांपासून रक्कम सुरू होते; २०२५ साली ती महिन्याला १७५.५१ डॉलर होती.

एकाच जखमेचे पैसे दोन-तीनदा का द्यायचे, हा आक्षेप वजनदार आहे, आणि नियमही एकच त्रास दोनदा मोजायला मनाई करतात. पण एका जखमेतून वेगवेगळे त्रास होऊ शकतात. १९९४ मध्ये माजी सैनिकांच्या अपील न्यायालयापुढे चेहऱ्याच्या दुखापतीचे एक प्रकरण आले. चेहऱ्याची विद्रूपता, व्रणाची वेदना आणि चावताना अडथळा आणणारी स्नायूंची इजा या तिन्हींना न्यायालयाने स्वतंत्र १० टक्के दिले, कारण एकाचे लक्षण दुसऱ्यात मोडत नव्हते. व्रणाखाली नस दुखावली असेल किंवा विद्रूपतेमुळे नैराश्य आले असेल, तर त्यांचाही वेगळा दावा करता येतो. सेवेत बिघडलेल्या गुडघ्यावर पुढे शस्त्रक्रिया झाली, तर तिचा व्रणही सेवेच्याच खाती जमा होतो. शिवाय टक्के सरळ बेरजेने वाढत नाहीत. ५० आणि ३० मिळून ८० होत नाहीत. उरलेल्या ५० चे ३० टक्के धरून ६५ होतात आणि ते ७० पर्यंत नेले जातात.

वेदना मोजायला यंत्र नाही, मग सैनिकाच्या तोंडी बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा? स्वतःला दुखते की नाही, हे सांगायला वैद्यकीय पदवी लागत नाही, ही कायद्याची भूमिका आहे आणि ती मला योग्य वाटते. प्रत्येक शब्द खरा मानावा, असा याचा अर्थ नाही. अधिकाऱ्याने ते म्हणणे तोलायचे असते, आणि नाकारायचे तर कारण लिहायचे असते. पुरावा दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा भरला, तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळतो. घोळ बहुतेक वेळा खात्याच्या वैद्यकीय तपासणीत होतो. तिथे 'दुखत नाही ना?' या प्रश्नाला सैनिकी सवयीने 'ठीक आहे' असे उत्तर दिले, की कागदावर 'वेदना नाही' एवढेच उरते. तपासणारा डॉक्टर टक्के ठरवत नाही, पण ठरवणाऱ्यापुढे त्याचाच कागद असतो.

जुने कागद हरवले म्हणजे दावा संपला, असेही नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत सुमारे १६ ते १८ दशलक्ष सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९५९ या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या जवळपास ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. अशा प्रकरणांत खात्याची मदतीची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. सहकाऱ्यांची निवेदने, जुनी पत्रे, फोटो हेही पुरावा म्हणून चालतात. प्रत्यक्ष लढाईत जखमी झालेल्याचे म्हणणे त्या परिस्थितीशी जुळत असेल, तर अधिकृत नोंद नसली तरी ते ग्राह्य धरावे, असा स्वतंत्र कायदाच आहे.

अपिलाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हा की, ते एकदाच करता येते आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. फेब्रुवारी २०१९ पासून तीन वाटा आहेत. नवा पुरावा हाती असेल तर पूरक दावा. पुरावा तोच, पण निर्णय चुकला असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, जिच्यात नवा कागद जोडता येत नाही. आणि तिसरी वाट अपील मंडळाची. एक वाट अपयशी ठरली तर बहुधा दुसरी धरता येते. निर्णयाच्या पत्रापासून वर्षभरात पाऊल उचलले, तर मूळ तारीख टिकते आणि मागची थकबाकी बुडत नाही. मंडळाच्या निकालावर न्यायालयात जाण्यासाठी १२० दिवस असतात. प्रकरण फेरचौकशीसाठी परत आले म्हणजे हरलो, असे अनेकांना वाटते. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की आधीची तपासणी अपुरी होती.

अपील केले तर आहे ते टक्केही जातील, ही भीती पूर्णपणे निराधार नाही, कारण फेरतपासणीत सुधारणा दिसली तर कपात होऊ शकते. पण त्यासाठी खात्याला प्रत्यक्ष सुधारणा दाखवावी लागते, आणि सलग २० वर्षे टिकलेले टक्के फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कमी करता येत नाहीत. त्यामुळे अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेले कोणी तुमच्या घरात असेल, तर नकाराचे पत्र कपाटात ठेवू नका. त्यावरची तारीख पाहा, कारण वाचा आणि मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटनेकडे जा. त्यांची मदत विनाशुल्क असते, आणि पहिल्या दाव्यासाठी फी घेण्याची परवानगी तिथे वकिलालाही नाही.