बंदूक तापते, मग क्लिप कशाला?

कॅनडातल्या बायोवेअरने २००७ मध्ये आणलेल्या ‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेममध्ये गोळ्या संपतच नाहीत. बंदुकीतल्या धातूच्या ठोकळ्यातून अगदी बारीक कण सुटतो आणि प्रचंड वेगाने फेकला जातो. अशा हजारो गोळ्या एका ठोकळ्यातून निघतात. मर्यादा येते ती उष्णतेची: सलग झाडत राहिलात की बंदूक तापून बंद पडते. खेळाचा नियम थेट भौतिकशास्त्रातून यावा, याचं इतकं नेटकं उदाहरण क्वचितच सापडेल.

खेळातल्या ‘नॉर्मंडी’ या अवकाशयानालाही हाच नियम. निर्वात अवकाशात उष्णता प्रारणानेच बाहेर टाकता येते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकालाही त्यासाठी मोठे रेडिएटर आहेत. पण बाहेर पडणारी उष्णता शत्रूला दिसते, म्हणून लपून जायचं तर नॉर्मंडीला ती पोटात साठवावी लागते, आणि तेही मर्यादित काळच जमतं.

२०१० च्या दुसऱ्या भागात ‘थर्मल क्लिप’ आल्या. तापलेली क्लिप फेकायची, नवी लावायची. कथेतलं कारण असं की, गेथ यंत्रांशी लढताना झटपट मारा करणारा वरचढ ठरतो हे कळलं. लढाई खरोखरच रंगतदार झाली. पण क्लिप संपल्यावर बंदूक आपोआप थंड का होत नाही? कथेत दहा वर्षांपूर्वी कोसळलेल्या ‘ह्युगो गर्न्सबॅक’ जहाजापाशीही याच नव्या क्लिप कशा सापडतात? तिसऱ्या भागाच्या ‘सिटाडेल’ या २०१३ च्या पुरवणीत आपोआप थंड होणारी ‘लान्सर’ रायफल मिळाली. घाई असेल तर क्लिप, नसेल तर थांबा, अशी सोय दुसऱ्या भागातच हवी होती.