फोन विकताय? आधी किल्ली मोडा

बदनापूरच्या स्टँडवर गिऱ्हाईक भेटायच्या आधी घरी अर्धा तास काढा. फोटो नुसता डिलीट केला तर बहुतेक वेळा त्याची नोंद पुसली जाते, मजकूर चिपमध्ये काही काळ तसाच पडून राहतो. फॅक्टरी रीसेटचं काम वेगळं. अँड्रॉइड १० पासूनच्या फोनमध्ये माहिती सांकेतिक रूपातच साठते आणि रीसेट तिची किल्लीच नष्ट करतो. उरलेले आकडे मग कुणालाच वाचता येत नाहीत. मेमरी कार्डाला मात्र हे संरक्षण सहसा नसतं. ते सिमसोबत काढूनच घ्या.

रीसेटआधी बॅकअप घ्या आणि गूगल खातं काढा, नाहीतर फोन नव्या मालकाकडे तुमचाच पासवर्ड मागत बसेल.

*#०६# दाबलं की १५ अंकी आयएमईआय दिसतो. तो, तारीख आणि खरेदीदाराची सही कागदावर घ्याच. पुढे त्या फोनवरून गुन्हा घडला, तर पोलिसांना दाखवायला हाच कागद हाताशी असेल.

पैसे यूपीआयने येणार असतील तर लक्षात ठेवा, पैसे घेताना पिन लागत नाही. मेसेजवर विसंबू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम पाहूनच फोन हातात द्या.