मिनिटं मागून मिळत नाहीत: कॉलेज बास्केटबॉलचा कोच नव्या पोरावर भरवसा कधी टाकतो?



नवीन धंदा सुरू केलेल्यांकडून एक तक्रार मी सारखी ऐकतो. "सर, माल चांगला आहे, भाव रास्त आहे, मेहनतीत मी कमी नाही. तरी होलसेलवाला उधारी देत नाही आणि मोठं गिऱ्हाईक मोठी ऑर्डर देत नाही. संधीच मिळाली नाही तर मी दाखवू काय?"

अगदी हीच तक्रार अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये बास्केटबॉल खेळणारी पोरं दरवर्षी करतात. शाळेत जो स्टार होता, तो कॉलेजच्या संघात येतो आणि थेट बेंचवर बसतो. "कोच मला खेळवतच नाही, मग मी सिद्ध कसं करू?" त्यातली काही पोरं हे कोडं सोडवतात. कशी सोडवतात, ते आज बघू. बास्केटबॉल माहीत नसेल तरी काळजी नको, लागेल तेवढं मी सांगतो.

आधी हिशोब: फक्त २०० मिनिटं

अमेरिकेत पुरुषांची कॉलेज मॅच ४० मिनिटांची असते, २० मिनिटांचे दोन भाग. एका वेळी मैदानात पाच जण. म्हणजे कोचच्या हातात वाटायला एकूण २०० मिनिटं. जादा वेळ सोडली तर २०१ वं मिनिट नाही.

आता माणसं किती? वरच्या श्रेणीच्या कॉलेज संघात बरीच वर्षं १३ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत होती. पण चुरशीच्या मॅचमध्ये बहुतेक कोच आठ-नऊ जणांवरच भागवतात. बाकीचे टॉवेल घेऊन बसतात.

याचा अर्थ नीट समजून घ्या. नव्या पोराला दहा मिनिटं द्यायची तर ती कुणाच्या तरी खात्यातून कापावी लागतात. ज्याची कापायची, तो जुना आणि पारखलेला. त्यामुळे कोचच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो, "याला उतरवलं तर काय बिघडेल?" पोरगं किती चांगलं खेळतं, हा प्रश्न त्याच्या नंतर येतो. बँकेचा मॅनेजर कर्जाची फाइल बघताना जे करतो, तेच हे. तुमचं स्वप्न तो नंतर ऐकतो, आधी हप्ता बुडेल का ते बघतो.

कोच नक्की काय बघतो?

नव्या पोराला वाटतं, मैदानात उतरलो की लगेच दोन-तीन बास्केट मारायच्या, म्हणजे कोच खूश. त्या घाईतच घोळ होतो. कोचची वही वेगळी असते.

१) चेंडू सांभाळतो का? कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात चेंडू हातात आला की ३० सेकंदांच्या आत बास्केटकडे फेकावाच लागतो. त्या ३० सेकंदांत चेंडू समोरच्याच्या हातात गेला, तर आपली संधी वाया आणि वर त्यांना सोपी संधी. याला टर्नओव्हर म्हणतात. दोन मिनिटांत दोन टर्नओव्हर करणारा पोरगा परत बेंचवर येतो.

२) बचावात जागेवर असतो का? बास्केट पडणं थोडं त्या दिवसाच्या हातावर असतं, कधी पडते, कधी नाही. पण आपल्या जागेवर उभं राहणं, साथीदार चुकला तर मदतीला धावणं, ओरडून सावध करणं हे रोज करता येतं. जे रोज करता येतं, त्यावरच कोच विसंबतो.

३) फाउल किती करतो? पाच फाउल झाले की खेळाडू त्या मॅचमधून बाद. नवा पोरगा जोशात हात घालतो आणि पाच मिनिटांत दोन फाउल करून बसतो.

४) एकदा सांगितलेलं कळतं का? हंगामात संघाला आठवड्याला २० तासांपर्यंतच सक्तीचा सराव घेता येतो, असा एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेचा नियम आहे. एकाला तीच गोष्ट चारदा सांगावी लागली तर बाकी सगळ्यांचा वेळ जातो.

५) चुकल्यावर काय करतो? चूक सगळ्यांची होते. चुकल्यावर डोकं धरून उभा राहतो, की लगेच मागे धावत बचावाला जातो? कोचची नजर त्या पुढच्या तीन सेकंदांवर असते.

ही यादी परत वाचा. यातल्या एकाही गोष्टीला देवदत्त प्रतिभा लागत नाही. आणि जवळजवळ सगळं मॅचच्या आधी, सरावातच दिसतं. "संधी मिळाली तर दाखवीन" म्हणणाऱ्या पोराच्या लक्षात येत नाही की परीक्षा कधीच सुरू झालेली आहे.

एक वर्ष शून्य मिनिटं: डिआंद्रे हंटर

२०१६ मध्ये डिआंद्रे हंटर व्हर्जिनिया विद्यापीठात आला. कोच होते टोनी बेनेट. हंटरला पहिलं वर्ष 'रेडशर्ट' ठेवलं. रेडशर्ट म्हणजे वर्षभर संघाबरोबर सराव करायचा, पण मॅच एकही खेळायची नाही. ते वर्ष खेळण्याच्या चार हंगामांतून वजा होत नाही, एवढीच सवलत. शाळेत गाजलेल्या पोराला हे गिळायला जड जातं.

बेनेट यांच्या काळात या संघाचा बचाव 'पॅक लाइन' नावाने ओळखला जात असे. बास्केटपासून साधारण १६ फुटांवर एक काल्पनिक रेषा धरायची. चेंडूवाल्यावर एक जण दबाव ठेवतो, बाकी चौघे त्या रेषेच्या आत राहून वाट अडवतात. ती रेषा जमिनीवर आखलेली नसते, अंगात भिनवावी लागते. एक जण एक पाऊल चुकला की भोक पडलंच. अशा पद्धतीत नव्या पोराला उतरवायला कोच का कचरतो, हे आता कळलं ना?

पुढच्या हंगामात, २०१७-१८ मध्ये, हंटर खेळला, पण सुरुवातीच्या पाचांत नव्हता. बेंचवरून यायचा. त्याच भूमिकेत त्याला त्यांच्या लीगचा सर्वोत्तम 'सहावा खेळाडू' हा मान मिळाला. २०१८-१९ मध्ये तो संघाचा कणा झाला आणि कोचांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरवलं. ८ एप्रिल २०१९ च्या अंतिम सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध शेवटची साधारण १३ सेकंद उरली असताना त्याने तीन गुणांची बास्केट मारून ६८-६८ बरोबरी केली. जादा वेळेत व्हर्जिनिया ८५-७७ ने जिंकली. हंटरचे गुण २७. व्हर्जिनियाच्या पुरुष संघाचं हे पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद.

पायऱ्या मोजा. आधी शून्य मिनिटं, मग बेंचवरून, मग पहिल्या पाचांत, मग शेवटचा चेंडू. एकही पायरी गाळलेली नाही.

दार अचानक उघडलं: ग्रेसन ॲलन

२०१४-१५ मध्ये ग्रेसन ॲलन ड्यूक विद्यापीठात नवखा होता. त्या हंगामात त्याची सरासरी एका मॅचला दहा मिनिटंसुद्धा नव्हती. जानेवारीत एक खेळाडू संघातून बाहेर पडला आणि शिष्यवृत्तीवरचे आठच जण उरले. ॲलनसाठी थोडी फट पडली.

६ एप्रिल २०१५ ला विस्कॉन्सिनविरुद्ध अंतिम सामना होता. दुसऱ्या भागात ड्यूक नऊ गुणांनी मागे आणि मुख्य खेळाडू फाउलच्या अडचणीत. कोच माइक शशेफ्स्कींनी ॲलनवर भरवसा टाकला. त्याने बेंचवरून येऊन १६ गुण केले आणि ड्यूक ६८-६३ ने जिंकली.

लोक म्हणतात, नशीब! नशीब होतंच, फट पडायला ते लागतं. पण फट पडली त्या दिवशी तयारी सुरू केली असती तर काय झालं असतं? धंद्यातही तसंच आहे. नेहमीचा सप्लायर ऐन सणात माल पोचवत नाही, तेव्हा गिऱ्हाईक तुम्हाला फोन करतो. त्या फोनच्या आधीच्या सहा महिन्यांत तुम्ही छोट्या ऑर्डरी वेळेवर दिल्या होत्या का, त्यावर तो फोन येतो की नाही हे ठरतं.

आणि मिनिटं मिळालीच नाहीत तर?

हा प्रश्नही खरा आहे. स्वेन नेटर हा उंचापुरा सेंटर यूसीएलएमध्ये जॉन वूडन यांच्या संघात होता. पण त्याच जागेवर बिल वॉल्टन होता, कॉलेज बास्केटबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम सेंटरपैकी एक. नेटर यूसीएलएमध्ये एकाही मॅचला पहिल्या पाचांत उतरला नाही. पण रोज सरावात तो वॉल्टनविरुद्ध झुंजला. १९७३ मध्ये एनबीएच्या निवडीत पहिल्याच फेरीत त्याचं नाव आलं, तेही यूसीएलएमध्ये एकही मॅच सुरू न करता! पुढच्या वर्षी एबीए या तेव्हाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

म्हणजे कमावलेलं कौशल्य वाया गेलं नाही, फक्त त्याची किंमत दुसऱ्या बाजारात मिळाली.

आता तर सोयही आहे. २०१८ पासून 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झालं आणि २०२१ पासून कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची सक्तीही सैल झाली. निघून जाणं गुन्हा नाही. पण जाण्याआधी पोराने स्वतःला विचारावं, मिनिटं न मिळण्याचं कारण इथली गर्दी आहे की माझे टर्नओव्हर? गर्दी असेल तर कॉलेज बदलून सुटेल. टर्नओव्हर असतील तर ते सामानाबरोबर पुढच्या कॉलेजात येतात.

कोचकडे जायचं तर प्रश्नही नीट हवा. "मला का खेळवत नाही?" यावर कोच बचावात जातो. "मिनिटं मिळवायला मी पहिली कुठली एक गोष्ट सुधारू?" यावर कोच बोलायला लागतो. आणि पोराने ती गोष्ट दोन आठवड्यांत खरंच सुधारून दाखवली, तर ती वहीत नोंदली जाते.

आता आपल्या दुकानात या

आपल्याकडे या सगळ्याला एक छान शब्द आहे: पत. पत भांडवलाने विकत मिळत नाही, ती सवयीने साचते.

दुकान सुरू केलं तेव्हा मी एका होलसेलरकडे ३० दिवसांची उधारी मागितली. बीबीएची डिग्री, हिशोबाचा तक्ता, सगळं घेऊन गेलो होतो. त्यांनी तक्त्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "सात दिवस देतो, पाच हजारांचा माल ने." मला अपमान वाटला. पण नेला, आणि सहाव्या दिवशी पैसे दिले. असं बरेच महिने चाललं. एकदा पैसे जमत नव्हते, तेव्हा तारखेच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगितलं, "काका, चार दिवस लागतील." चौथ्या दिवशी दिले. पुढच्या वेळी ३० दिवसांची उधारी मी न मागता मिळाली. काका नंतर म्हणाले, "वेळेवर देणारे खूप असतात रे. अडचण आधी येऊन सांगणारा कमी." चुकल्यानंतरचे तीन सेकंद म्हणतात ते हेच.

उलटी बाजूही बघा. दुकानात तुम्ही स्वतः कोच आहात. काउंटरवरच्या पोराला गल्ल्याची चावी कधी द्यायची, हे तुम्ही ठरवता. मग त्याला पायऱ्या सांगितल्यात का? आधी स्टॉक मोजणं, मग बिलिंग, मग रोजचा हिशोब, मग चावी. वही फक्त तुमच्या डोक्यात असेल तर चांगलं पोरगं कंटाळून शेजारच्या दुकानात जाईल, आणि चूक तुमची असेल.

या आठवड्याचं काम

एक कागद घ्या. ज्या एका माणसाचा भरवसा तुम्हाला हवा आहे त्याचं नाव लिहा: होलसेलर, बँक मॅनेजर किंवा मोठं गिऱ्हाईक. खाली तीन ओळी लिहा.

- माझ्यामुळे त्याचं काय बिघडू शकतं?
- ते बिघडणार नाही हे दाखवणारी कुठली छोटी गोष्ट मी दर आठवड्याला करू शकतो?
- त्याला जाऊन विचारायचा एक प्रश्न: "पहिली कुठली गोष्ट सुधारू?"

तिसरी ओळ लिहून ठेवू नका, या आठवड्यात जाऊन विचारा. काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.