दूरस्थ वर्गातील भाषाव्यवहार

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि फळ्यासमोर उभे राहून शिकविण्याची सवय असलेला अध्यापक पडद्यासमोर येऊन बसला. या स्थित्यंतराची चर्चा बहुधा साधनांच्या अंगाने झाली. परंतु अध्यापन हा मूलतः भाषाव्यवहार आहे. तेव्हा त्या व्यवहारात नेमके काय बदलले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरावे.

वर्गातील व्याख्यान वरवर पाहता एकतर्फी भासते. वस्तुतः ते तसे नसते. 'बरं का', 'नाही का', 'कळलं ना' हे प्रयोग मराठी अध्यापकाच्या बोलण्यात पदोपदी येतात आणि प्रत्येक वेळी मान डोलावून, नजरेने वा नुसत्या हुंकाराने त्यांस उत्तर मिळत असते. दूरस्थ वर्गात श्रोत्यांचे माइक बंद ठेवावे लागले आणि हे हुंकार लोपले. त्यांची जागा 'आवाज येतोय का?' या प्रश्नाने घेतली. रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांपैकी संपर्काचा मार्ग खुला आहे की नाही हे पडताळणे हे एक होय. मात्र आवाज पोचल्याची ग्वाही म्हणजे अर्थ पोचल्याची ग्वाही नव्हे. आणि या दोहोंत गल्लत होणे फार सोपे होते.

याहून गंभीर प्रश्न विलंबाचा आहे. दहा भाषांतील संभाषणांची तुलना करणारे एक संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. (त्या दहांत भारतातील एकही भाषा नव्हती, ही उणीव लक्षात ठेवावी.) प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद असते, असे त्यात आढळले. संभाषणातील विलंब एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. ही मर्यादा पाळली गेली तरी जाण्यायेण्यात ३०० मिलिसेकंदांची भर पडते. म्हणजे तत्काळ दिलेले उत्तरही अध्यापकाला अर्ध्या सेकंदाने ऐकू येते. खेड्यातील क्षीण नेटवर्कवर हे अंतर कितीतरी वाढते. उत्तरापूर्वीचे मौन म्हणजे अज्ञान वा अनिच्छा, असा अर्थ आपण नकळत लावतो. त्यामुळे ज्याचे नेटवर्क मंद, तो विद्यार्थीच मंद, असा ग्रह होण्याचा धोका येथे आहे आणि तो अन्यायाचा आहे. जाणत्या अध्यापकांनी प्रश्नानंतर थांबण्याची सवय लावून घेतली. तसेच वर्गात जे काम नजर करीत असे, म्हणजे पुढे कोणी बोलावे हे ठरविणे, ते नाव घेऊन करण्यास आरंभ केला.

ध्वनिविचार शिकविणाऱ्याची अडचण वेगळीच. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' हे 'जगणे'चे आज्ञार्थी रूप, यांतील भेद ज-काराच्या तालव्य व दंत्य उच्चारांत आहे. दंत्य उच्चारातील घर्षणाचा जोर उच्च कंप्रतेवर असतो. जुन्या पद्धतीचा दूरध्वनी मात्र साधारणतः ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेतो. ज्या विद्यार्थ्याशी साध्या फोनवरूनच संपर्क होऊ शकत होता, त्याच्या कानावर हा भेद पुसट होऊनच पडे. लेखी उत्तरांतही हीच गत: रोमन लिपीत टंकलेले 'काल' आणि 'काळ' एकाच रूपात दिसत.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता त्यांच्यासाठी एक उपाय होता. शब्दांच्या जोड्या विद्यार्थ्याने स्वतःच्याच यंत्रावर ध्वनिमुद्रित करून पाठवाव्यात, अध्यापकाने त्या सवडीने ऐकाव्यात; त्यात विलंबाचा प्रश्न उरत नाही व उच्चारही तुटत नाही. साध्या फोनवाल्यांसाठी मात्र जुनी, वर्णनाची वाटच धरावी लागे: जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकवून 'चाक' म्हणावे, मग जीभ मागे टाळूकडे उचलून 'चहा' म्हणावे, आणि स्पर्शाची जागा कशी सरकते ते ज्याचे त्यानेच तपासावे.