विश्लेषण : खर्डी ते सीएसएमटी रॉक ऐकायचे, तर दोन हजारांत कोणता हेडफोन घ्यावा?

खर्डीहून सुटलेल्या लोकलला सीएसएमटी गाठायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. येऊन-जाऊन दिवसाचे चार तास गाडीतच जातात. आटगाव, आसनगाव, वाशिंद करत डबा भरत जातो आणि बसायला जागा मिळालेले बहुतेक जण कानात इअरफोन घालतात. त्यातल्या रॉकप्रेमींचा अनुभव साधारण सारखाच असतो. खर्डीला सुरू केलेले गाणे टिटवाळ्यापर्यंत नीट ऐकू येईनासे होते, मग आवाज वाढवला जातो. महिन्याभरात तो शेवटच्या टोकाला टेकतो. दोष हेडफोनचा समजून ‘जास्त बेस’वाला नवा घेतला जातो आणि पुन्हा तेच घडते. कमी पैशांत हेडफोन निवडताना नेमके काय पाहावे आणि त्याचा कानाच्या आरोग्याशी संबंध काय, याचा हा आढावा.

लोकलमध्ये आवाज वाढवावा का लागतो?

चाकांची घरघर, मोटरचा हुंकार, उघड्या खिडक्या-दारांतून येणारा वारा हा गाडीचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. रॉकमधील बेस गिटार आणि ड्रमचा मोठा ढोल याच पट्टीत वाजतात. त्यामुळे गाडीचा आवाज सर्वांत आधी गाण्याचा पायाच झाकून टाकतो. गाणे पोकळ वाटू लागते, म्हणून हात आवाज वाढवण्याकडे जातो. पण आवाज वाढवला की फक्त बेस वाढत नाही. गिटार, गायक, झांजा सारेच वाढते आणि त्याचा भार कानावर पडतो. म्हणजे अडचण हेडफोनचा आवाज कमी असण्याची नसते, तर बाहेरचा आवाज आत शिरण्याची असते.

कानासाठी सुरक्षित मर्यादा किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास आणि ९० डेसिबलला आठवड्याला जेमतेम चार तास.

हे गणित खर्डीच्या प्रवाशाला लावले तर चित्र गंभीर आहे. रोज चार तास, आठवड्यातून सहा दिवस म्हणजे २४ तासांचे ऐकणे. एवढा वेळ ऐकायचे तर सरासरी आवाज ८२ डेसिबलच्या आसपासच हवा. तोच ९० वर गेला, तर आठवड्याचा कोटा सोमवारी संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंतच संपतो. मंगळवारपासूनचे सारे ऐकणे मर्यादेबाहेरचे. आतील कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. मोठ्या आवाजाने होणारी हानी बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते. सुरुवातीला ती लक्षात येत नाही. नंतर गर्दीत समोरच्याचे शब्द अस्पष्ट ऐकू येऊ लागतात.

रॉकसाठी वेगळा हेडफोन लागतो का?

वेगळा नाही, पण चुकीचा हेडफोन रॉकमध्ये लगेच उघडा पडतो. बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला, तर साध्या गिटारची सुमारे ८२ हर्ट्झला वाजते. गिटारची धार आणि गायकाचे शब्द मधल्या पट्टीत, साधारण एक ते चार हजार हर्ट्झदरम्यान असतात. झांजांचा झणत्कार त्याहून वर. दोन गिटार, बेस, ड्रम आणि गायक एकाच वेळी जोरात वाजत असताना प्रत्येक वाद्य वेगळे कळले पाहिजे. मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘इंडस क्रीड’ म्हणून गाजलेला बँड असो, पुण्याचा ‘अग्नी’ असो किंवा गिटार-ड्रमच्या साथीने अभंग सादर करणारा ‘अभंग रिपोस्ट’, कस लागतो तो मधल्या पट्टीचाच.

स्वस्त बाजारात मात्र ‘एक्स्ट्रा बेस’ विकला जातो. नाचाच्या गाण्यांना तो ठीक वाटतो. रॉकमध्ये फुगवलेला बेस गिटारवर चढतो आणि सगळे मिळून नुसती ढणढण उरते. शब्द कळत नाहीत म्हणून आवाज पुन्हा वाढतो. त्यामुळे रॉकसाठी बेस घट्ट आणि नेमका हवा, फुगलेला नको.

कानात, कानावर की कानाच्या तोंडाशी?

लोकलसाठी रबरी टोपीचा, कानाच्या नळीत बसणारा इअरफोन हा कमी पैशांतला सर्वांत उपयोगी प्रकार आहे. टोपी नीट बसली की बाहेरचा आवाज अडतो आणि आतला बेस बाहेर गळत नाही. ‘या इअरफोनला बेसच नाही’ ही तक्रार अनेकदा टोपीचा आकार चुकल्याने येते. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्या दिलेल्या असतात. बहुतेक जण आधीपासून लावलेली मध्यम टोपीच वर्षभर वापरतात. दोन्ही कानांना वेगवेगळा आकार लागू शकतो. फोमच्या टोप्या वेगळ्या विकत मिळतात. त्या दाबून कानात घातल्या की फुगून फट बंद करतात.

टोपी नसलेले, कानाच्या तोंडाशी अडकवायचे इअरबड घरात आरामदायी असतात, पण गाडीत ते बाहेरचा आवाज जवळजवळ अडवतच नाहीत. कानावर टेकणारे छोटे हेडफोनही याबाबत कमी पडतात. पूर्ण कान झाकणारे मोठे हेडफोन घरी उत्तम. मात्र भरलेल्या डब्यात आणि मे महिन्याच्या उकाड्यात ते चार तास घालणे अवघड आहे.

तार की वायरलेस?

वायरलेस इअरफोनच्या किमतीत बॅटरी, ब्लूटूथ चिप, माइक आणि चार्जिंगची डबी या सगळ्यांचा खर्च असतो. तारेच्या इअरफोनमध्ये जवळपास सारा पैसा ध्वनीसाठी वापरता येतो. म्हणून एक हजारात तारेचा इअरफोन त्याच किमतीच्या वायरलेसपेक्षा बहुधा सरस वाजतो. ‘केझेड’, ‘मूनड्रॉप’ यांसारख्या कंपन्यांचे ‘इन-इअर मॉनिटर’ प्रकारचे इअरफोन याच कारणाने विद्यार्थ्यांत आणि हौशी वादकांत लोकप्रिय झाले. त्यातील अनेकांची तार वेगळी काढता येते. तार तुटली तर फक्त तारच बदलायची.

अडचण फोनची आहे. अनेक नव्या फोनमध्ये ३.५ मिलिमीटरचे छिद्र नसते. तेव्हा टाइप-सी जोडणी लागते. ती घेताना त्यात ध्वनीची चिप, म्हणजे डॅक आहे का, हे विचारावे. चिप नसलेली जोडणी काही फोनवर चालतच नाही. गर्दीत तार बॅगेत अडकते, हा दुसरा तोटा. वायरलेस हवाच असेल, तर दारात उभे राहणाऱ्यांसाठी गळ्यातला नेकबँड सोयीचा. एक बड कानातून निसटून रुळांवर पडला, तर उरलेला एकटा फारसा कामाचा नसतो.

एएनसी आणि ईएनसी एकच का?

नाही. ग्राहकांची सर्वाधिक फसगत इथेच होते. एएनसीमध्ये माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट लहर तयार करून तो तुमच्या कानापुरता कमी करतो. गाडीच्या सलग घरघरीवर हे तंत्र चांगले चालते. शेजारच्यांचे बोलणे, फेरीवाल्याची हाक किंवा डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ यांवर त्याचा परिणाम कमी असतो. तो आवाज रबरी टोपीच अडवते.

ईएनसी हे कॉलसाठी असते. तुमच्या माइकमधला गोंगाट कमी होऊन पलीकडच्याला तुमचे बोलणे स्पष्ट ऐकू जाते. गाणे ऐकताना त्याचा काही उपयोग नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘ईएनसी’ लिहिलेले असेल आणि एएनसीचा उल्लेख नसेल, तर गाडीचा आवाज कमी होणार नाही. दोन हजारांच्या आत आता एएनसी मिळते. तिचा दर्जा मात्र कमी-अधिक असतो.

खोक्यावरच्या आकड्यांना किती महत्त्व द्यावे?

‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो. त्यावरून दर्जा कळत नाही. ड्रायव्हर १० मिलिमीटरचा की १३ चा, यावरूनही नाही. ‘४० तास प्लेटाइम’मध्ये बहुधा डबीतले चार्जिंग धरलेले असते. एकदा चार्ज केलेले बड किती तास चालतात, ते वेगळे पाहावे. खर्डीच्या प्रवाशाला येण्या-जाण्याचे चार तास पुरले पाहिजेत. तारेच्या इअरफोनमध्ये इम्पिडन्स १६ ते ३२ ओहम असेल, तर साधा फोन तो सहज चालवतो. पावसाळ्यासाठी आणि घामासाठी ‘आयपीएक्स४’ ही खूण उपयोगी आहे. मात्र तिचा अर्थ शिंतोड्यांपासून संरक्षण एवढाच आहे. इअरफोन पाण्यात बुडाला तर तो टिकेल, असा नाही.

वायरलेस घेताना खोक्यावर बीआयएसची नोंदणी खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहावा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. स्टेशनबाहेर नामांकित कंपनीच्या नावाने अगदी कमी किमतीत मिळणारा माल बनावट असू शकतो. पक्के बिल घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

पैसे कसे विभागावेत?

पाचशे रुपयांपर्यंत बजेट असेल तर वायरलेसचा मोह टाळून तारेचा, रबरी टोपीचा इअरफोन घ्यावा. पाचशे ते हजारमध्ये तार बदलता येणारा इअरफोन पाहावा. हजार ते दोन हजारांत दोन पर्याय आहेत. ध्वनी महत्त्वाचा असेल तर आणखी चांगला तारेचा इअरफोन आणि सोबत फोमच्या टोप्या. रोज चार तास गाडीतच ऐकायचे असेल आणि तार नको असेल, तर एएनसी असलेला नेकबँड किंवा बड. दोन्ही पर्यायांत कमी आवाजावर गाणे स्पष्ट ऐकू येते, हीच खरी बचत.

घेतल्यावर तपासावे कसे?

शंभर वेळा ऐकलेले गाणे लावावे. नवे गाणे कोणत्याही हेडफोनवर चांगलेच वाटते. आधी शांत खोलीत निम्म्या आवाजावर ऐकावे. बेस गिटारचे सूर एकेक करून कळतात का, ड्रमच्या गजरात गायकाचे शब्द कळतात का, झांजा कानाला टोचतात का, हे पाहावे. मग तेच गाणे, तोच आवाज ठेवून लोकलमध्ये ऐकावे. आवाज फार वाढवावा लागला तर आधी टोपी बदलून पाहावी. स्वच्छतेच्या कारणाने कानात घालायचे इअरफोन अनेक दुकानदार परत घेत नाहीत, ऑनलाइनही अनेकदा फक्त बदली मिळते. त्यामुळे परतीची अट खरेदीआधीच वाचावी.

फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवता येते. आयफोनमध्ये ती डेसिबलमध्ये निवडता येते, अनेक अँड्रॉइड फोनमध्येही तशी सोय असते. तासाभराने दहा मिनिटे कानांना विश्रांती द्यावी. हेडफोन काढल्यावर कानात शीळ वाजत राहिली किंवा बोलणे दबलेले वाटले, तर तो धोक्याचा इशारा आहे. हे वारंवार होत असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवण चाचणी करून घ्यावी.

हेडफोन कधी काढायचा?

बाहेरचा आवाज चांगला अडवणारा हेडफोन गाडीचा भोंगाही अडवतो. त्यामुळे फलाटावर, पुलावर, गाडीत चढता-उतरताना आणि मुंबई-नाशिक महामार्ग ओलांडताना दोन्ही कान मोकळे हवेत. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कानात गाणे असताना तर मागून येणारी गाडी कळतही नाही. परतीच्या प्रवासात आटगाव सोडले की गाणे बंद करावे. कसाऱ्याच्या दिशेने गाड्या मोजक्याच असतात, आणि गाण्याच्या नादात खर्डी चुकले तर उलट्या गाडीची वाट पाहत बसावे लागते.